सकाळी न लागणारा लॉक

गौरवीचा पहिला फोन आला तेव्हा मी तिला सरळ सांगितलं की चूक तुझी आहे. ती काय म्हणते ते पुरतं ऐकायच्या आधीच सांगितलं. ही माझी पद्धत आहे. गाड्या आपण होऊन बिघडत नाहीत, माणसं त्या बिघडवतात, आणि बिघडवून झाल्यावर फोन करतात, असं माझं पस्तीस वर्षांचं मत होतं.

मी दत्ताराम. घर सर्वणला, गॅरेज डिचोलीत. गॅरेजच्या आधी मी खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये होतो. खाण बंद झाली तेव्हा साहेबांनी आम्हाला प्रत्येकी एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि घरी पाठवलं. ते घड्याळ दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. मी ते दुरुस्त केलेलं नाही.

गौरवी म्हणजे शांतारामची मुलगी. पेडण्याच्या एका शाळेत शिकवते आणि आईबापांजवळ राहते. शांताराम माझ्याच खाणीवर डंपर चालवायचा. आमची मैत्री इतकी वर्षं टिकली, कारण बोलायचं काम मी करायचो आणि ऐकायचं त्याने अंगावर घेतलं होतं. तो दिवसाला दहा-बारा वाक्यं बोलतो. खाणीवर असताना त्यातली निम्मी डंपरशी असायची.

त्याचं घर कोरगावला, पण गावात नाही. रस्ता सोडून काजूंच्या उतारावरून चारशे मीटर खाली आलं की एक खळगा आहे. खळग्यात माडांची नि पोफळींची बाग आणि बागेत घर. एक झर वरच्या अंगाला उगवते, मधल्या वळणावर वाट ओलांडते आणि घरामागून बागेत जाते. खाली उतरायला काही लागत नाही. वर यायला चिऱ्याच्या दगडांचा उभा चढ आहे आणि त्या वळणावर बाराही महिने पाणी असतं. पक्का रस्ता करायचा तर जमीन अकरा जणांच्या नावावर आहे, आणि त्यातले चौघे एकमेकांशी बोलत नाहीत.

चार वर्षांपूर्वी शांतारामच्या किडन्यांनी काम थांबवलं. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी सातला त्याला म्हापशाला डायलिसिसला न्यावं लागतं. त्याचा मुलगा परेश फोंड्याला नोकरीला आहे. त्याने तेव्हाच सांगितलं की आईबाबांनी फोंड्याच्या फ्लॅटमध्ये यावं, लिफ्ट आहे, डायलिसिस दहा मिनिटांवर आहे. शांताराम नको म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी जीप घेऊन माझ्या दारात येऊन उभा राहिला. मग मी त्याला लॉक करून दिला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जीपच्या मागच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असतं. इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणं हे त्याचं काम. पण त्याचा स्वभाव असा की जे चाक हलकं फिरतं त्यालाच ते सगळं देऊन टाकतं. एक चाक चिखलात गेलं की ते गरगर फिरत बसतं आणि कोरड्या दगडावरचं दुसरं चाक स्वस्थ उभं राहून बघतं. कचेरीत नोकरी केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. लॉक लावला की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात आणि जे चाक दगडावर आहे त्याला काम करावंच लागतं.

माझा लॉक तेलाच्या दाबावर चालतो. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला एक दांडा आहे. तो ओढला की त्याच्या बुडाचा छोटा सिलिंडर तेल ढकलतो, ते तेल पेन्सिलीहून बारीक पाइपातून मागच्या ॲक्सलपर्यंत जातं, आणि तिथला पिस्टन लॉक सरकवतो. सिलिंडरच्या डोक्यावर तेलाची एक डबी आहे, चहाच्या कपाएवढी, फिरकीच्या झाकणाची. अशा वस्तू बाजारात तयार मिळतात. मी मात्र हा सगळा लॉक खाणीवरच्या भंगारातून उभा केला. माझ्या हातून झालेली ती सर्वांत चांगली वस्तू आहे. हे माझ्या मुलांनाही ठाऊक आहे, आणि त्यांनी त्याचं वाईट मानलेलं नाही.

चार वर्षं तो लॉक पाण्यासारखा चालला. गौरवी आठवड्यातून तीनदा सव्वासहाला बापाला घेऊन तो चढ चढायची. मग गेल्या डिसेंबरात तिचा फोन आला.

"काका, दांडो घट जाता. सकाळी लॉक लागणां नाय. दुपारी लागता."

"दुपारी लागता आनी सकाळी लागणां नाय, असां यंत्र जगात नाय," मी म्हणालो. "तू अर्धो ओढीत असतलंस."

"पुरो ओढतंय."

"मगे चाक फिरताना ओढीत असतलंस."

सोमवारी गॅरेज आवरून मी कोरगावला गेलो. पोचायला बारा वाजले. जीप अंगणात उन्हात उभी होती. दांडा ओढला, लॉक लागला. सोडला, सुटला. दहा वेळा करून पाहिलं. चढही चढून आलो. मेकॅनिकला गाडी नेहमी चांगली सापडते, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, आणि अशा वेळी मेकॅनिकला कसा आनंद होतो हे फक्त आम्हालाच. तरी आलोच आहे तर पाइपातली हवा काढून टाकू म्हटलं. मागचा नट सैल केला, दांडा पंपासारखा ओढत राहिलो, डबीतलं तेल खाली पाइपात आलं आणि पाइपातलं जुनं बाहेर पडलं. वरून माझं नवं तेल डबीत भरलं, झाकण लावलं आणि गौरवीला अर्धा तास व्याख्यान दिलं. तिने ते उभ्याने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. दांडा जागचा हलला नाही. जीप वळणावर पाण्यात अडकली, एक चाक फिरत राहिलं, दुसरं बघत राहिलं. शेजारच्या बागेत सावंतवाडीकडचे चार गडी कामाला होते. त्यांनी शांतारामला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्ची चार पायांना धरून रस्त्यापर्यंत नेलं, आणि तिथून भाड्याची गाडी केली. गुरुवारी पुन्हा तेच झालं. ज्या माणसाने तीस वर्षं चाळीस टनांचा डंपर खाणीच्या तळातून वर आणला, त्याला चौघं उचलून नेत होते. मला हे फोनवर ऐकताना इतकं लाजिरवाणं वाटलं की मी गौरवीला फोर्क वाकवलास म्हणून ओरडलो.

फोर्क म्हणजे लॉक सरकवणारा आकडा. गुरुवारी दुपारी जाऊन मी ॲक्सलचं झाकण उघडलं. फोर्क सरळ. पिस्टन बरा, स्प्रिंग बरी, दात शाबूत. डबी उघडून पाहिली, तिच्यात माझंच तेल, माझ्याच हाताने भरलेलं. आणि दांडा, दुपार असल्याने, लोण्यासारखा चालत होता.

"वाकलोहा?" गौरवीने विचारलं.

"नाय."

"बरां," ती म्हणाली. त्या 'बरां'मध्ये बरंच काही होतं.

एक गोष्ट मी तपासली नाही. पाइप उघडला नाही. पाइप मी स्वतः वाकवून, स्वतः बसवून, स्वतः तपासून दिला होता, त्यामुळे त्याच्यात काही असणं शक्य नव्हतं.

शनिवारी तिसऱ्यांदा खुर्ची निघाली. त्या दुपारी परेशचा फोन आला. रविवारी सकाळी टेंपो घेऊन येतो, असं त्याने घरी कळवलं होतं, आणि आता मला कळवत होता. परेश वाईट मुलगा नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या आठवड्यात तो वाईट असावा असं मला फार वाटत होतं. तो म्हणाला, "काका, गाडी सकाळी वर चडली तर मी काय म्हणाचंय नाय. नाय चडली तर मात्र मी तेंका घेवन जातलंय. वाटेत कायतरी जालां तर?"

मी हत्यारं घेतली आणि संध्याकाळीच कोरगावला राहायला गेलो. बिघाड सकाळचा असेल तर सकाळीच तिथे असायला हवं, ही अक्कल मला दोन खेपांनंतर आली.

घरात बोचकी बांधलेली होती. पद्मावतीवहिनी, म्हणजे शांतारामची बायको, डोळे पुशीत मला भात वाढत होती. "फोंड्यात ह्येंका न्हीद येवची नाय हो, भावोजी," ती म्हणाली. "झरीचो आवाज नाय तर हे रातभर कूस बदलतत." शांताराम समोर बसून मोजून दिलेलं पाणी पीत होता. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

सकाळी पावणेसहाला उठलो. त्या खळग्यात डिसेंबरात जी थंडी पडते ती सर्वणच्या माणसाला खोटी वाटते. न्हाणीत गेलो, तोंड धुतलं. खोबरेलाची बाटली चुलीच्या कडेला ऊबेला ठेवली होती, आमच्याकडे थंडीत सगळे ठेवतात तशी. बोटभर तेल डोक्याला चोपडलं आणि बाहेर आलो. गौरवी जीपमध्ये बसलीच होती.

"ओढ," मी म्हणालो.

तिने ओढला. मग मी ओढला. दांडा भिंतीत चिणल्यासारखा होता. मी दोन्ही हातांनी, पाय टेकवून ओढला.

"हं," मी म्हणालो.

"हं काय?"

"खरां सांगत होतंस."

"इतके दिस सांगतंय," ती म्हणाली. तेवढ्यात वर रस्त्यावर पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला आणि ती पाव आणायला चढ चढून गेली. ती गेली हे फार बरं झालं, असं मला नंतर वाटलं.

मी बॅटरी घेऊन जीपखाली शिरलो. आता तपासायचं एकच उरलं होतं. मागच्या टोकाचा नट सोडवून पाइप बाहेर काढला. तेल यायला हवं होतं. एक थेंब आला नाही. पाइपात तार घातली तर ती बोटभर जाऊन रुतली आणि बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकाला पांढरं काहीतरी होतं. मेणच असेल असं वाटलं. बोटांत धरलं तर ते विरघळलं. हुंगलं. खोबरेलाचा वास आला. पण मी नुकतंच डोक्याला खोबरेल लावलं होतं, मला सगळीकडूनच तो वास येत होता. म्हणून रुमालाने डोकं आणि हात पुसले, आणखी थोडं काढलं आणि पुन्हा हुंगलं. खोबरेलच होतं. घाण्यावरचं, घरचं, चांगल्या प्रतीचं.

मग सगळं ओळीने उलगडलं. कोणीतरी वरच्या डबीत खोबरेल भरलं होतं. उकाड्यात ते पातळ असतं, त्यामुळे लॉक चालत राहिला. थंडी पडली तसं ते सकाळी सिलिंडरात गोठायला लागलं आणि दांडा घट्ट झाला. आणि मग मी आलो, भर दुपारी, आणि हवा काढायच्या नावाखाली डबीतलं सगळं खोबरेल स्वतःच्या हाताने पाइपात ओढून घेतलं, आणि वर माझं तेल भरून पुरावाही झाकून टाकला. सकाळी थोडा अडणारा लॉक मी पूर्ण बंद करून ठेवला होता. त्याबद्दल व्याख्यानही दिलं होतं.

पण डबीत खोबरेल ओतलं कोणी? एवढा राग आला की मी जीपखालीच उठून बसलो, आणि डोकं ॲक्सलवर आपटलं. बाहेर आलो. शांताराम कानटोपी आणि शाल घालून अंगणात खुर्चीवर बसला होता. ही तीच खुर्ची.

"शांताराम, ह्या पाइपात खोबरेल आसा!"

"होय," तो म्हणाला. "हळू बोल."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"तुका ठावक आसलां?"

"दसऱ्याक तिनां घातल्यान."

दसऱ्याला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं पुजतात. कोयता, कुदळ, आडोळी म्हणजे विळी, पंप, गाडी. धुवायचं, खोबरेल लावायचं, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहायचं. पद्मावतीवहिनी हे सगळं मनापासून करते. त्या दिवशी तिने डबीचं झाकण उघडून पाहिलं. आतलं तेल तिला मळकं दिसलं. समईतलं जळकं तेल जसं सणाच्या दिवशी काढून टाकतात, तसं तिने ते फडक्याने टिपून काढलं, डबी लख्ख पुसली आणि कुलेरीने, छोट्या चमच्याने, नवं तेल भरलं. आपल्या माडांचं, देवापुढे लावायचं तेल. शांताराम ओसरीवर बसून बघत होता. त्याला वाटलं, एवढ्याशा तेलाने काय होणार. आणि चाळीस वर्षांत त्याने तिला पूजेतलं काही सुधारून सांगितलेलं नव्हतं. पहिल्या थंडीला दांडा अडला तेव्हा तो गौरवीच्या बाजूला बसला होता. तीस वर्षं यंत्रं चालवलेल्या माणसाला ते तिथल्या तिथे कळलं.

"आनी तू गप रवलंस?" मी म्हणालो. माझा आवाज चढत होता. "तीन वेळा खुर्चयेर बसून गेलंस! मी दोनदा येवन गाडी उकलून बसलंय! एक फोन केलो असतोस तर?"

त्याने हात वर केला. डायलिसिसचा हात, सुयांनी फुगलेला. मी थांबलो.

"तुका सांगलां असतां तर तू असोच बोंबललो असतंस," तो म्हणाला. "तां सगळ्यांनी आयकलां असतां."

मी आवाज खाली आणला.

"गौरवीक सांगूचां."

"गौरवी परेशाक सांगतली. परेश म्हणतलो, आईक आतां काय कळणां नाय, हेंका एकटां ठेवूचां नाय."

"म्हणान तू फोंड्याक जातलंस? घर सोडून?"

मग त्याने जे सांगितलं तेवढं सलग बोलताना मी त्याला आधी कधी ऐकलं नव्हतं.

"माका चवगे उचलून व्हरतत तेवां ती दारात उबी रवता. रडता. तां तिच्या हातान जालां ह्यां तिका कळलां तर ती खंय जातली? फोंडो काय, चार दिसांनी माका संवय जायत. ह्याची तिका संवय जावची नाय. मी मेल्यार पण जावची नाय."

मला त्याचा राग आला होता तो तसाच होता, पण त्याच्याखाली आणखी काहीतरी होतं. तेव्हा मला ते सांगता आलं नसतं, आता सांगतो. माझ्या बायकोवरचा एक बोल टाळायला मी माझं घर सोडलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारत होतो, आणि उत्तर लवकर येत नव्हतं.

घरातून पद्मावतीवहिनी बाहेर आली. "भावोजी, काय जालां? आवाज कसलो?"

शांताराम माझ्याकडे बघत होता. मी हातातली तार पाठीमागे घेतली.

"काय नाय, वयनी. डोक्याक लागलां. मोठो हंडो भरून ऊन पाणी व्हयां."

"आंग धुवूक?"

"गाडयेक."

"गाडयेक ऊन पाणी?"

"थंडी बादता तिका," मी म्हणालो.

तिने जीपकडे आजारी मुलाकडे पाहावं तसं पाहिलं आणि पाणी आणायला गेली. मी पाइपावर कढत पाणी ओतत राहिलो, पंपाने आतून फुंकत राहिलो. खोबरेल पातळ होऊन पिवळ्या धारेने मातीत पडलं. त्यावर मी पायाने माती ओढली. मग सिलिंडर धुतला, पाइप धुतला, नवं तेल भरलं, तेही धुऊन काढलं आणि पुन्हा भरलं. फिरकीचं झाकण काढून फेकलं. त्या जागी बोल्टचं झाकण बसवलं, पान्याशिवाय न उघडणारं, आणि पाना माझ्या खिशात टाकला.

साडेआठला परेश आला. टेंपो वर रस्त्यावर ठेवून तो चालत खाली उतरला आणि वळणावर पाण्याच्या कडेला बूट सांभाळत उभा राहिला. खळग्यात अजून ऊन पोचलं नव्हतं. गौरवीने जीप सुरू केली. शांताराम तिच्या बाजूला बसला. पद्मावतीवहिनी दारात उभी राहिली, हात जोडून.

गौरवीने दांडा ओढला. तो आला. जीप वळणावर आली, पाण्यात शिरली. एक चाक सटकलं आणि दुसऱ्याने आपलं काम केलं. जीप परेशच्या समोरून हळूहळू वर निघून गेली. बघण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. चांगलं यंत्र चालताना कंटाळवाणंच दिसतं. मला मात्र हुंदका आला, आणि तो मी खोकल्यात घालवला.

गौरवी जीप फिरवून खाली घेऊन आली. सगळे अंगणात जमले.

"काय जालां होतां, काका?" परेशने विचारलं.

"पाइपात चुकीचां तेल होतां. थंडीत गोठणारां."

"कोणी घातलां?"

शांताराम सीटवर बसून समोरच्या पोफळी बघत होता.

"मी," मी म्हणालो.

"तुमी? मगे दोनदा येवन बगलास तेवां?"

"माका कळलां नाय."

हे वाक्य मी गिऱ्हाइकासमोर आयुष्यात पहिल्यांदा बोललो. पण तेवढ्यावर भागलं नाही, कारण पद्मावतीवहिनी पुढे आली. चाळीस वर्षांत तिने मला कधी वेडावाकडा शब्द ऐकवला नव्हता.

"इतकी वर्सां गाडयो दुरुस्त करतास, भावोजी, आनी तेल वळकूक येणां नाय तुमकां?" ती म्हणाली. "माजो घोव त्या गाडयेत बसता. तीनदा ह्येंका खुर्चयेर बसवन व्हरूचां पडलां. मी दारात उबी रवान बगलंय. कसां माफ करूचां ह्यां?"

एरवी मी काय काय बोललो असतो ते मलाच ठाऊक आहे. जीभ टाळ्याला येऊन टेकली होती. मी शांतारामकडे पाहिलं. त्याने पहिल्यांदाच पोफळींवरून नजर काढून माझ्याकडे वळवली होती, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"चुकलां, वयनी," मी म्हणालो. "माजांच चुकलां."

ती आत गेली आणि बोचकी सोडू लागली. गाठी सोडताना ती अजून मला बोलत होती, ते खिडकीतून ऐकू येत होतं.

परेश पायऱ्यांवर बसला. मग म्हणाला, "रवांदेत हे हंयसर. मी म्हटलां तां म्हटलां." आणि मग, माझ्याकडे न बघता, "पण काका, रागावू नकास. गाडी ह्याच्या फुडे तुमच्याकडे नको. म्हापशाक एक मनीस आसा, तो बगतलो. बाबांचो प्रश्न आसा."

"बरोबर आसा," मी म्हणालो. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. खिशातला पाना काढून त्याला दिला आणि झाकण उगाच उघडायचं नाही, एवढं सांगितलं. माझ्या हातून झालेली सर्वांत चांगली वस्तू त्या झाकणासकट दुसऱ्याकडे गेली. गौरवी माझ्याकडे बघत होती. ती हुशार मुलगी आहे, आणि चार वर्षांत माझ्या तेलाची बाटली डिचोलीहून दोनदा तिनेच नेली होती. त्या तेलाचा रंग तिला ठाऊक होता, आणि ते थंडीत गोठत नाही हेही. तिने मला पावाची पिशवी दिली, चार गरम उंडे होते, आणि रस्त्यापर्यंत सोडायला आली. रस्त्यावर पोचल्यावर वाकून माझ्या पाया पडली.

मंगळवारी सकाळी साडेसहाला मी चहा घेत होतो. फोन वाजला. शांताराम होता. एवढ्या वर्षांत त्याने मला आपण होऊन कधी फोन केलेला नव्हता.

"चडली," तो म्हणाला.

"बरां," मी म्हणालो.

त्याने फोन ठेवला. गुरुवारी पुन्हा आला, शनिवारी पुन्हा. आता आठवड्यातून तीनदा येतो. तेवढाच शब्द असतो.

"सकाळ सकाळ कोणाचो फोन तो?" माझ्या बायकोने विचारलं.

सगळं सांगायला मी तोंड उघडलं. मग म्हणालो, "शांतारामाचो. गाडी चडली म्हणता."

"त्यात सांगण्यासारखां काय आसा?"

"काय नाय," मी म्हणालो.